मिलिटरीच्या ट्रकला ट्रकच राहू द्या

प्रति,
मा. मंत्रिमहोदय, केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय, नवी दिल्ली
आणि
मा. परिवहन आयुक्त, कर्नाटक राज्य, बेंगळुरू

विषय : लष्करातून निघालेल्या जुन्या पिकअप ट्रकांना व्हिंटेज नोंदणी मिळण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मिलिटरी डिस्पोजलच्या, म्हणजे लष्कराने लिलावात काढलेल्या, जुन्या गाड्या सांभाळणारे आम्ही बरेच जण आहोत. कुणाच्या अंगणात जोंगा ही लष्करी जीप आहे, कुणाच्या शेडमध्ये निसानचा वनटन, म्हणजे एक टन माल नेणारा लष्करी ट्रक, कुणी दुसऱ्या महायुद्धातल्या डॉजचा सांगाडा भंगारवाल्याकडून सोडवून आणलाय. आमच्यात शेतकरी आहेत, लेथवर काम करणारे आहेत, पेन्शनीत आलेले सुभेदार आहेत. राजघराण्यांच्या मोटारी जमवणाऱ्या मंडळींशी आमचा काही संबंध नाही.

आमचं मागणं एकाच गोष्टीचं आहे. मिलिटरीचा ट्रक मिलिटरीचा ट्रक म्हणूनच दुरुस्त करता यावा आणि तसाच नोंदवता यावा. आजच्या नियमात ती सोय नाही. उलट, नियम पाळायचा म्हटलं तर गाडीचं खरं रूपच आधी पुसावं लागतं.

जुलै २०२१ मध्ये आपल्या मंत्रालयाने केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र तरतूद आणली. त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी, ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षांची मुदत, नूतनीकरणाला ५,००० रुपये. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला बंदी. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं आणि दुरुस्तीसाठी नेणं एवढ्यालाच रस्ता मोकळा. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार चालणार नाही, हेही त्यात आहे. यातली एकही अट आम्हाला जाचक वाटत नाही. फेरफाराची अट तर आम्हीच मागितली असती.

अडचण व्याख्येत आहे. या तरतुदीत दुचाकी बसते किंवा एम-१ वर्गातली चारचाकी. एम-१ म्हणजे माणसं नेणारी, चालक सोडून आठांपेक्षा जास्त आसनं नसलेली गाडी. माल वाहणारी गाडी एन वर्गात जाते आणि एन वर्गाचं नावच त्या व्याख्येत नाही. मागे माल भरायचा हौदा आणि त्याचा उघडणारा फाळका आहे, एवढ्यावरून आमची गाडी बाहेर राहते.

जोंगा आणि वनटन बघा. दोन्ही निसानच्या परवान्यावर जबलपूरला बनल्या. दोन्हींत तेच ३९५६ सीसीचं, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. दोन्ही चारही चाकांना ताकद देणाऱ्या. एकाच छावणीत, एकाच मेकॅनिकच्या हाताखाली त्यांची सर्व्हिसिंग झाली. जोंगात अधिकारी बसायचे म्हणून ती व्हिंटेज होऊ शकते. वनटनमध्ये शिधा, दारूगोळा, तंबू आणि जवान जायचे म्हणून तिला ते दार बंद. आजोबांची मोटार वारसा ठरते आणि आजोबांचा ट्रक नुसतं जुनं लोखंड, हा भेद नियम करणाऱ्यांच्या मनात असेल असं आम्हाला वाटत नाही. मसुदा करताना मोटारी डोळ्यांपुढे होत्या, ट्रक राहून गेले, एवढंच झालं असावं.

परिणाम मात्र गंभीर आहे. हौदा असलेली गाडी व्हिंटेज होत नाही म्हटल्यावर लोक हौद्यावर पत्र्याची टप चढवतात, आत बाकडी टाकतात, फाळका कापून दार लावतात आणि माणसं नेणारी गाडी म्हणून पासिंगची खटपट करतात. कापलेला हौदा भंगारात जातो. तसा हौदा आता कुठेही बनत नाही. त्याच्या बाजूच्या फळ्या, ताडपत्रीच्या कमानी बसवायच्या खोबण्या, दोरी बांधायचे आकडे हे सगळं एकदा वितळलं की संपलं.

दुसरी अडचण वयाची. पन्नास वर्षं पहिल्या नोंदणीपासून मोजायची, असं नियम म्हणतो. साध्या मोटारीला ते बरोबर आहे. मिलिटरीच्या गाडीची आरटीओतली पहिली नोंद मात्र ती लिलावात निघाल्यानंतरची असते. समजा एक ट्रक १९६८ साली लष्करात आला, १९९२ साली लिलावात निघाला आणि तेव्हा पास झाला. आरसी बुकावर पहिली नोंदणी १९९२ ची. त्या हिशोबाने तो २०४२ साली पन्नास वर्षांचा होणार. लोखंड १९६८ पासून झिजतंय, त्याला २०४२ पर्यंत थांब म्हणून कोण सांगणार?

याचा पुरावा गाडीच्याच अंगावर असतो. मिलिटरीच्या नंबरात वर टोक केलेला बाण असतो आणि सर्वसाधारणपणे त्या बाणाशेजारचे पहिले दोन आकडे गाडी लष्करात दाखल झाल्याचं वर्ष सांगतात. लिलावाआधी नंबर पुसतात, पण सँडपेपर हळू हाताने फिरवला की नंतर दिलेल्या निळ्या रंगाखाली लष्करी हिरवा आणि त्या हिरव्यात पांढऱ्या आकड्यांची फिकट कड बऱ्याचदा उमटते. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६० मध्ये संरक्षण खात्याच्या गाड्यांची नोंदणी करणारा वेगळा अधिकारी मानलेला आहेच. त्याने नंबर द्यायचा, प्रमाणपत्र द्यायचं, आणि गाडी सरकारच्या मालकीतून सुटली की मग नेहमीची नोंदणी लागू होते. म्हणजे कायद्याच्या नजरेत लष्करातली नोंदणी ही नोंदणीच आहे. मग व्हिंटेजचं वय तिथून मोजायला हरकत कसली? नवा कायदा लागत नाही, एक खुलासा पुरेल.

आम्ही सीमेवरचे लोक. पुण्याकडच्या लिलावातली गाडी कोल्हापुरात पास होते, गडहिंग्लज-चंदगडातला पाहुणा ती वापरतो, मग ती बेळगावला भाचीच्या घरी येते. बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे राहिली की एनओसी आणून कर्नाटकचा ‘केए’ नंबर घ्यावा लागतो. हे कायद्याप्रमाणेच आहे, तक्रार नाही. पण प्रत्येक नोंदणीत एखादा रकाना बदलतो. माझ्या पाहण्यातल्या एका वनटनच्या कागदावर उत्पादनाचं वर्ष म्हणून लिलावाचं वर्ष चढलं, आणि पुढच्या सगळ्या नोंदी त्यावरून उतरल्या. ते दुरुस्त करायला कोणता कागद दाखवायचा, हे त्या कार्यालयात कुणालाच सांगता आलं नाही. त्या कारकुनाला मी दोष देत नाही. त्याच्यापुढे तसा नियमच नव्हता.

ही माणसं एवढा जीव का टाकतात, हे कळावं म्हणून आता थोडं कामाबद्दल लिहितो.

गाडी हाती आली की पहिलं काम चासीचं. बॉडी उतरवल्याशिवाय गंज दिसत नाही. तो बॉडीच्या रबरी गुट्ट्यांखाली, केबिनच्या फरशीच्या कडेला, पायदानाच्या आत बसलेला असतो. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसाळ्यात उघड्यावर राहिलेली गाडी तर आतूनच पोखरते. चासीचे आडवे तुकडे रिव्हेटने जोडलेले असतात. ढिला रिव्हेट वेल्डिंगने चिकटवणं सोपं, पण ही चासी खडबडीत रस्त्यावर थोडी पिळण्यासाठीच बनवलेली आहे. तिथे वेल्ड मारला की ती पिळायची थांबते आणि वेल्डच्या कडेला तडा जातो. म्हणून जुना रिव्हेट ड्रिलने काढायचा, भोक साफ करायचं आणि नवा रिव्हेट लाल करून ठोकायचा. असे हात बेळगावात अजून आहेत. पुढच्या पिढीत असतीलच असं सांगता येत नाही.

मग इंजिन. उंच, थंड भागात नोकरी केलेल्या गाडीच्या ब्लॉकला बाहेरून चीर सापडते. पाणी गोठून फुगतं आणि वॉटर जॅकेटची भिंत फाकते. ब्लॉक बिडाचा. त्यावर साधं वेल्डिंग केलं तर थंड होताना शेजारी नवी चीर पडते. म्हणून ती चीर थंडपणेच शिवावी लागते: ओळीने भोकं पाडायची, आटे पाडायचे, एकमेकांत थोडे घुसणारे स्क्रू बसवत जायचं, वरून ठोकून घासून सपाट करायचं. बेळगावच्या उद्यमबागेत बिडाचं ओतकाम आणि मशीनचं काम पिढ्यान्‌पिढ्या चाललंय; पॅटर्न करणारा सुतार, साचा भरणारा, बोअर करणारा, क्रँक ग्राइंड करणारा, सगळे एका हाकेच्या अंतरावर. मॅनिफोल्ड फुटला आणि देशात कुठे मिळत नाही असं कळलं, तर तुटके तुकडे जोडून त्यावरून पॅटर्न करून नवा ओतणारी माणसं इथे आहेत. लष्करी गाड्यांच्या जतनाला देशात यापेक्षा सोयीची जागा सापडणं अवघड आहे, असं माझं ठाम मत आहे.

पुढच्या अॅक्सलची गोष्ट वेगळीच. चाक वळवता वळवता त्याला ताकद पोचवणारा सांधा एका पोकळ गोळ्यात बंद असतो. त्या गोळ्याच्या तोंडाचं फेल्टचं सील वाळलं की ग्रीस बाहेर येतं आणि चिखल आत जातो. डिस्पोजलच्या गाड्यांत हे सील वर्षानुवर्षं कुणी पाहिलेलं नसतं. ब्रेकचंही तसंच. चारही चाकांचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर, एक पाइप फुटला तर सगळेच जातात. त्यामुळे पाइप जुना ठेवायचा नाही, मग तो कितीही मूळचा असो. व्हील सिलिंडरला खड्डे पडले असतील तर नुसती वॉशर बदलून भागत नाही. बोअर करून आत पितळेची किंवा स्टेनलेसची स्लीव्ह घालावी लागते. जुनेपणा जपायचा, पण ब्रेकमध्ये नाही, एवढं आम्ही प्रत्येक नव्या मालकाला सांगतो.

महायुद्धातल्या ट्रकांची चाकं दोन अर्ध्या तबकड्या बोल्टने जुळवून केलेली असतात. हवा भरलेली असताना ते बोल्ट सोडले तर तबकडी तोफगोळ्याच्या वेगाने उडते. म्हणून ब्रिटिश सैन्यात त्या नटांना लाल रंग देत. आज पंक्चर काढणाऱ्या मुलाला हे माहीत नसतं. ज्याच्याकडे अशी गाडी आहे त्याने ते नट आजच लाल करून घ्यावेत.

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलंय. जुन्या पेट्रोल पंपाचा पडदा, रबरी पाइप, कार्ब्युरेटरचं पॅकिंग त्याला टिकत नाही, आणि महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत ते ओलावा ओढून गंज धरतं. पाइप आणि पडदे नव्या प्रकारचे घालायचे, टाकी आतून साफ करून घ्यायची, गाडी बंद ठेवायची असेल तर टाकी रिकामी करायची.

एवढं सगळं झाल्यावर रंगाची वेळ येते, आणि तिथे आमचे हात बांधले जातात. केंद्रीय मोटार वाहन नियमांचा नियम १२१ म्हणतो की ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कुणी वापरायचा नाही. हा नियम का आहे ते बेळगावकराला समजावून सांगावं लागत नाही. आमच्या शहराला छावणी आहे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे, सांबऱ्याला हवाई दल आहे. खोट्या लष्करी गाडीने गेटवर कुणी येऊ नये, ही काळजी आमचीही आहे. म्हणून आम्ही गाडी निळी करतो, करडी करतो, बदामी करतो. चासीपासून फाळक्यापर्यंत प्रत्येक वस्तू मूळची बसवायची आणि शेवटी तिला जो रंग कधीच नव्हता तो द्यायचा. पेन्शनीत आलेले एक सुभेदार मेजर अशी तयार झालेली वनटन बघायला आले होते. त्यांनी अशाच गाडीवर सिक्कीममध्ये नोकरी केलेली. गाडीभोवती फिरले, गिअर टाकून बघितला, फाळक्याची कडी उघडून लावली. म्हणाले, “सगळं बरोबर आहे, पण ही आमची गाडी वाटत नाही.”

यावर उपाय आहे. ज्या गाडीला ‘व्हीए’चा नंबर मिळाला आहे, जी मुळात लष्करातलीच होती हे कागदाने सिद्ध झालं आहे, तिलाच फक्त हा रंग द्यायची परवानगी असावी. दोन्ही दारांवर पांढऱ्या अक्षरांत ‘जुने खाजगी वाहन’ अशी पाटी सक्तीची करा. बाणाचा नंबर लावू देऊ नका. आम्हालाही तो नको. रॅलीला बाहेर काढण्याआधी जवळच्या लष्करी स्टेशन मुख्यालयाला आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवायची अट घाला. पन्नास वर्षांपूर्वीचा वनटन आज कोणत्याही पलटणीत चालत नाही, त्यामुळे त्याला बघून आजची लष्करी गाडी समजण्याचा धोका तसाही कमी आहे.

इंजिनाबद्दलही एक विनंती. वनटन एका लिटरला चार-पाच किलोमीटरच्या वर जात नाही. पेट्रोल परवडेना तेव्हा इथल्या वीटभट्ट्यांवर आणि उसाच्या फडात चालणाऱ्या कितीतरी वनटनना डिझेल इंजिनं बसवली गेली आणि आरसीवर इंधन ‘डिझेल’ झालं. त्या मालकांना पोट भरायचं होतं, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण आज कुणी मूळचं सहा सिलिंडरचं इंजिन शोधून, उभं करून, परत त्याच चासीवर बसवतो, तेव्हा तो मोठा फेरफार धरला जातो आणि गाडी व्हिंटेजला नापात्र ठरण्याची भीती राहते. मूळ रूपाकडे परत जाणं हा फेरफार नव्हे, असं नियमात लिहून द्या. ज्यांना फुगे टायर लावून, वर दिव्यांची रांग चढवून, चिखलात उड्या मारायला या गाड्या लागतात, त्यांच्यासाठी आम्ही काहीही मागत नाही. तो छंद त्यांचा त्यांना. त्यासाठी दुर्मीळ गाड्या कापू नयेत एवढंच आमचं म्हणणं आहे.

हे सगळं बेळगावातून का, असं आपण विचाराल. मराठा रेजिमेंटचं केंद्र इथे १९२२ पासून आहे. इटलीच्या मोहिमेत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले, ते याच रेजिमेंटचे. त्या युद्धात कॅनडाने ८ लाखांहून अधिक लष्करी गाड्या बनवल्या; उजव्या हाताला स्टिअरिंग असलेले ते शेवरले आणि फोर्डचे आखूड नाकाचे ट्रक हिंदी सैन्याच्या पाठीशी होते. युद्ध संपल्यावर तेच ट्रक डिस्पोजलमधून देशभर पसरले. खानापूरच्या जंगलातून लाकूड त्यांनीच ओढलं, असं इथले म्हातारे सांगतात. मग सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला डॉज आणि फार्गो जुळवल्या, जबलपूरला शक्तिमान आणि निसान या लष्करी गाड्या आल्या. आमच्या गावांतल्या माणसांनी या सगळ्या गाड्या चालवल्या आहेत. अहिल्यानगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे आणि ते उत्तम आहे. रणगाड्याला पेट्रोल, गोळे आणि भाकरी पोचवणाऱ्या ट्रकाला मात्र अशी स्वतंत्र जागा आमच्या पाहण्यात नाही. आमच्या शेडा हीच त्याची संग्रहालयं.

जगात जुन्या वाहनांच्या संघटनांचा महासंघ, ‘फिवा’, ऐतिहासिक वाहन ठरवताना मोटार की ट्रक हा भेद करत नाही. किमान ३० वर्षं जुनं, मूळ रूपात जपलेलं आणि रोजच्या वाहतुकीला न वापरलेलं, एवढंच तो विचारतो. आम्ही ५० वर्षांची अट मानायला तयार आहोत.

वेळही हातात फार नाही. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपते आणि त्यांना मोडीत काढणाऱ्या केंद्राकडे जावं लागतं. लष्कराच्या मोहिमेवरच्या खास गाड्यांना त्यातून सूट आहे, पण कार्यालयांच्या, छावण्यांच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या साध्या जुन्या ट्रकांचं काय होणार? मोडीत जाण्याआधी त्यातला एखादा नमुना म्हणून बाजूला काढता येईल, अशी तजवीज संरक्षण खात्याशी बोलून व्हावी. लिलावाच्या कागदावर लष्करात दाखल झाल्याचं वर्ष, चासी नंबर आणि मूळ इंजिन नंबर ठळक छापला तर पुढच्या मालकाची अर्धी वणवण वाचेल.

मा. परिवहन आयुक्तांना वेगळी विनंती. केंद्राचा खुलासा यायला वेळ लागेल. तोवर बेळगाव आणि चिकोडी आरटीओत अशा गाड्यांच्या अर्जांसाठी एक अधिकारी नेमून द्या आणि कोणते कागद चालतील याची यादी कन्नड, मराठी आणि इंग्रजीत फलकावर लावा. तपासणीला आपण सांगाल त्या मैदानावर आम्ही गाड्या आणून उभ्या करू. स्वतःच्या पायावर न येणारी गाडी ट्रॉलीवर घालून आणू. बॉनेट उघडून, हौद्याखाली सरकून, चासी नंबरावरचा रंग खरवडून आपल्या निरीक्षकांनी हवं ते पाहावं.

या पत्राची कन्नड आणि इंग्रजी प्रत बेळगाव आरटीओ कार्यालयाच्या आवक-जावक विभागात वेगळी देत आहे. उत्तर आलं तर ते आम्ही निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या सगळ्या मालकांना वाचून दाखवू.

आपला विश्वासू,
एक वनटनमालक
खानापूर तालुका, जि. बेळगाव